'जन्मजात गुन्हेगार' कोणी घडवला? : गुन्हेगारीचे मानसशास्त्र आणि जातीचा कायदा

"त्यांच्या रक्तातच चोरी आहे." हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. चहाच्या टपरीवर ऐकले आहे, एसटीत ऐकले आहे, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकले आहे. गावाबाहेर पाल पडले की पोलीस पाटलाला फोन जातो. घरफोडी झाली की सकाळी पहिली जीप पारध्यांच्या वस्तीवर जाते. वर्तमानपत्रात बातमी येते तेव्हा आरोपीच्या नावाआधी त्याची जमात छापली जाते. बँक बुडवणाऱ्या संचालकाच्या बातमीत मात्र त्याची जात कधी छापली जात नाही. असे का होते, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

माणूस गुन्हा का करतो? यामागे मानसिक कारणे असतात, हे आम्ही नाकारत नाही. भीती, अपमान, सूड, बालपणी सोसलेला मार, संगत, नशा, तुटलेला आत्मविश्वास या सगळ्यांचा माणसाच्या वागण्यावर परिणाम होतो. समाजशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी हे पहिल्याच वर्षी शिकतात. पण या देशात 'गुन्हेगारी मन' हा शब्द ज्या पद्धतीने वापरला गेला, त्याचा इतिहास पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तो इतिहास सांगतो की इथे आधी गुन्हेगार ठरवला गेला आणि मग त्याच्या मनाचा शोध सुरू झाला. ज्याला गुन्हेगारीचे मानसशास्त्र म्हटले गेले, ते पुष्कळदा जातिव्यवस्थेचेच मानसशास्त्र होते. या लेखात आम्हाला एवढेच सिद्ध करायचे आहे.

१८७१ : मूल जन्मताच आरोपी

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर भारतात लागू झाला. पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला आणि १९२४ मध्ये सगळे कायदे एकत्र करून त्याची पकड आणखी घट्ट करण्यात आली. या कायद्यात नेमके काय होते, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे.

एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे गुन्हे करतो असे सरकारला वाटले, की राजपत्रात नाव छापायचे. नाव छापले की ती संपूर्ण जमात गुन्हेगार झाली. म्हातारे, बायका आणि उद्या जन्माला येणारे मूलसुद्धा त्यात आले. या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. नाव नोंदवायचे, पोलिसांपुढे हजेरी द्यायची, दुसऱ्या गावी जायचे तर पास घ्यायचा, आणि पासाशिवाय सापडले तर तोच गुन्हा. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान ७ वर्षे आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मभर काळे पाणी. १९११ नंतर बोटांचे ठसेही आले. १८७१ च्या याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथी समूहाचीही नोंदणी सक्तीची केली होती.

सोलापुरात या जमातींसाठी तारांच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. तिथल्या माणसांना गिरण्यांमध्ये कामाला जुंपले जाई. त्या भागाला सोलापूरकर आजही 'सेटलमेंट' म्हणतात. कायदा जाऊन ७० वर्षे उलटली, तरी पत्त्यात तो शब्द राहिला आहे.

ही कल्पना आली कुठून?

आपल्याकडे सांगितले जाते की हा इंग्रजांचा अन्याय होता. हे अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे सत्य सांगायला आपले इतिहासकार कचरतात.

या कायद्याच्या पाठीराख्यांचा युक्तिवाद काय होता ते पाहा. हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, धंदा जातीने ठरतो. मग ज्यांचा धंदाच चोरी आहे त्यांची मुले चोरच होणार. त्यांचा हा धर्म आहे, ते सुधारणार नाहीत. इंग्लंडमध्येही गरिबांना तुच्छ लेखले जात होते, भटक्यांविरुद्ध कायदे होते. पण एक आख्खा जनसमूह जन्माने गुन्हेगार ठरवण्याचे तर्कशास्त्र इंग्रजांना वर्णव्यवस्थेने आयते दिले. कर्म जन्माने ठरते, हा सिद्धांत त्यांनी नव्याने शोधला नव्हता. तो इथल्या ग्रंथांत लिहिलेला होता, गावगाड्यात रुजलेला होता, आणि तो समजावून सांगणारे शास्त्री दरबारात बसलेले होते.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून पाहा. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, राजाने ठरवलेल्या खुणा अंगावर बाळगाव्यात, रात्री गावात आणि नगरात फिरू नये, असे तिथे सांगितले आहे. आता १८७१ चा कायदा शेजारी ठेवा. गावाबाहेरची वसाहत, ओळखीची नोंद, रात्रीची हजेरी, पासाशिवाय फिरण्यास बंदी. मनूच्या काळी खुणा होत्या, इंग्रजांच्या काळी रजिस्टर आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते एका जुन्या पोथीचे दहन नव्हते. माणसाची लायकी जन्मावरून ठरवणाऱ्या विचाराचे ते दहन होते. तोच विचार त्याच दिवशी पोलीस ठाण्याच्या हजेरीबुकात जिवंत होता.

विज्ञानाचा मुखवटा

युरोपात याच सुमारास सीझर लोंब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर गुन्हेगारांच्या कवट्या मोजत होता. १८७६ मध्ये त्याचे 'गुन्हेगार माणूस' हे पुस्तक आले. गुन्हेगार हा उत्क्रांतीत मागे राहिलेला आदिम मानव असतो, त्याचा जबडा, कान, कपाळ यांवरून तो ओळखता येतो, असे त्याचे म्हणणे होते. यात एक गोष्ट लक्षात घ्या. लोंब्रोसोचे पुस्तक १८७६ चे आणि आपल्याकडचा कायदा १८७१ चा. म्हणजे युरोपात ज्याला शास्त्र म्हणून मान मिळायचा होता, ते भारतात ५ वर्षे आधीच कायदा झाले होते.

लोंब्रोसोचे शास्त्र फार टिकले नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेतली आणि १९१३ मध्ये जाहीर केले की गुन्हेगारांचा असा कोणताही वेगळा शारीरिक प्रकार नसतो. पुढे १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी मांडले की गुन्हेगारी वर्तन माणूस इतरांच्या सहवासात शिकतो. ते रक्तातून येत नाही. त्याच वर्षी त्यांनी 'पांढरपेशी गुन्हेगारी' ही कल्पना मांडली. कोट-टाय घालणारा, कंपनी चालवणारा, प्रतिष्ठित माणूसही गुन्हा करतो, त्याचा फटका समाजाला जास्त बसतो, पण त्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही, असे त्यांनी दाखवले.

जगाचे शास्त्र पुढे गेले. भारतात मात्र १९४७ उजाडले तरी माणसे हजेरी देत होती. कारण इथे या कायद्याचा आधार कवटीची मापे हा नव्हता. इथे आधार जात होता, आणि जात खोटी ठरवायला कोणतीही प्रयोगशाळा पुढे आली नाही.

आधी पोट मारले

मनाचा विचार पोटाशिवाय होत नाही. या जमाती कोण होत्या? बंजारा समाज बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहून नेत होता. रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा आला, आणि त्यांचा व्यापार बसला. पारधी रानावर जगत होते. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी रान सरकारचे झाले आणि शिकारी चोर ठरला. रामोशी गावांची आणि किल्ल्यांची राखण करत होते. उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध उठला आणि १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेला. कैकाडी टोपल्या विणत होते, वडार दगड फोडत होते. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद अशा १४ जमाती आहेत. यादी वाचताना प्रत्येक नावाच्या मागे एक हुन्नर दिसतो. तो हुन्नर हिरावला गेला, जमीन तर आधीच नव्हती, आणि फिरण्यावर बंदी आली.

अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. उपासमारीने मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटणारा मांग नायक अण्णाभाऊंनी उभा केला. सरकारच्या दप्तरात तो दरोडेखोर होता. लेखकाने दाखवले की भूक आणि अपमान या दोन गोष्टींनी त्याच्या हातात तलवार दिली. गुन्ह्यामागचे मन समजून घ्यायचे असेल तर अण्णाभाऊंकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हजेरी मनात कशी उतरते?

१९३८ मध्ये फ्रँक टॅननबाम या अभ्यासकाने एक साधी पण खोल गोष्ट सांगितली. मुलाच्या एखाद्या कृत्याला आधी वाईट म्हटले जाते. मग हळूहळू ते मूलच वाईट ठरते. त्याच्यावर शिक्का बसतो, लोक त्याच्याकडे त्याच नजरेने पाहू लागतात, चांगल्या संगतीची दारे बंद होतात, आणि शेवटी मूल स्वतःलाही तसेच समजू लागते. शिक्काच माणूस घडवतो. समाजशास्त्रात पुढे याला शिक्का सिद्धांत म्हणून मान्यता मिळाली.

आता हा सिद्धांत आपल्या वस्त्यांवर लावून पाहा. टॅननबामच्या मुलाने निदान काहीतरी खोडी केलेली असते. पारध्याच्या मुलाला त्याचीही गरज नाही. त्याच्या जन्माआधीच शिक्का तयार असतो. त्याचे पहिले वर्ष पालावर जाते, जिथे रात्री बॅटरीचा झोत पडला की आई त्याचे तोंड दाबते. बाप ठाण्यात गेला की कधी येईल ते माहीत नसते. शाळेत गेला तर पेन्सिल हरवल्यावर पहिले दप्तर त्याचेच उघडले जाते. कामाला गेला तर ओळखीशिवाय काम मिळत नाही, आणि ओळख सांगितली की काम जाते. आम्ही पालांवर काम करताना हे सतत पाहतो. ज्या मुलाने काहीच केलेले नाही, तो पोलिसाची गाडी दिसली की पळतो. आणि पळाला म्हणून तो संशयित ठरतो. भीती हाच पुरावा होतो.

यावर एक प्रयोग भारतातच झालेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांची जात उच्चारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. पण सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, की दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, कोडे तेच, मूल तेच. फक्त जात मोठ्याने वाचली गेली होती.

एकदा जात वाचल्याने एवढे होत असेल, तर ८० वर्षे रोज हजेरी घेतल्याने काय झाले असेल? आजोबाने हजेरी दिली, बापाने दिली, नातवाने ती पाहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात चोरीशिवाय जगण्याचे सगळे रस्ते बंद झालेल्या समाजाचे चित्र आहे. लहान मुलांना खिसे मारायचे आणि पोलिसांचा मार सोसायचे शिक्षण एकत्रच मिळते. सदरलँड जे पुस्तकात सांगतात, ते इथे एका मुलाने जगून सांगितले आहे. गुन्हा शिकवला जातो. आणि दुसरे काही शिकण्याची परवानगी नसेल तेव्हा तो लवकर शिकला जातो.

इथे काही मित्र विचारतील, म्हणजे या जमातींत कोणी चोरी करतच नाही का? करतात. प्रत्येक समाजात करतात. ज्याने केली त्याच्यावर कायद्याप्रमाणे खटला चालावा, पुरावा असेल तर शिक्षा व्हावी. आम्ही गुन्ह्याचे समर्थन करत नाही. ज्याच्या घरी चोरी झाली तोही बहुधा गरीबच असतो. पण गुन्हा व्यक्तीचा असतो. एका ब्राह्मणाने अफरातफर केली तर ब्राह्मण समाजाला हजेरी लावत नाहीत. मग एका पारध्याने चोरी केली तर सगळ्या पालांची झडती का?

पाहणाऱ्याचे मन

गुन्हेगारीच्या मानसशास्त्रात नेहमी आरोपीचे डोके तपासले जाते. फौजदाराच्या, साक्षीदाराच्या, न्यायाधीशाच्या आणि जमावाच्या डोक्यात काय चालते, ते तपासायला नको का? आम्ही दोन प्रकरणे समोर ठेवतो.

पहिले प्रकरण महाराष्ट्रातलेच. जून २००३ मध्ये एका कुटुंबावर अत्यंत क्रूर हल्ला झाला. हत्या आणि बलात्काराचा हा गुन्हा होता, त्याबद्दल कोणाच्याही मनात चीडच येईल. भटक्या जमातीतील ६ जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने सुरुवातीला पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच ४ जणांना ओळखले होते. त्या बाजूने तपास पुढे नेलाच गेला नाही. आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर आहेत, अशांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. १६ वर्षे गेली. खरे गुन्हेगार मोकळे राहिले, म्हणजे त्या पीडित कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. पूर्वग्रह हा असा दुहेरी गुन्हा करतो.

दुसरे प्रकरण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे. १ जुलै २०१८, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ५ जण भिक्षा मागायला आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते, त्यांच्याकडे मूलही नव्हते. अनोळखी भटका म्हणजे चोर, हे समीकरण मात्र जमावाच्या डोक्यात आधीपासून होते. अफवेने फक्त काडी लावली.

आणि खैरलांजी आपण विसरू शकत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ज्यांनी केली ते गावातले शेती करणारे, संसारी लोक होते. जातीचा माज आणि 'हे लोक डोके वर काढतात' हा राग, ही मानसिक कारणे नाहीत का? मग त्यांच्या जातींना कोणी गुन्हेगार जमात म्हटले का? कोणत्या विद्यापीठाने त्यांच्या कवट्या मोजल्या? मोजू नयेच, आमची ती मागणी नाही. कोणत्याही समाजाला जन्माने गुन्हेगार म्हणणे चूकच आहे. आमचे म्हणणे एवढेच की एकाच्या गुन्ह्यात 'रक्त' शोधले जाते आणि दुसऱ्याच्या गुन्ह्यात 'रागाच्या भरात झाले' असे म्हटले जाते. हा फरक शास्त्राचा नसून जातीचा आहे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले होते की जात ही काही दगडमातीची अडचण नव्हे, ती मनाची एक अवस्था आहे आणि त्या मनामागे धर्मग्रंथांचे पावित्र्य उभे आहे. गुन्ह्यामागचे मन शोधणाऱ्यांनी या मनापासून सुरुवात करावी.

बाबासाहेब आणि बुद्ध काय सांगतात?

१९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब तीन समूहांची नावे एकत्र घेतात. गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिम जमाती आणि अस्पृश्य. गुन्हेगार जमातींची संख्या त्यांनी सुमारे २ कोटी दिली आहे. आणि त्यांचा प्रश्न या जमातींना नाही, तर हिंदू संस्कृतीला आहे. ज्या संस्कृतीत कोट्यवधी माणसांना गुन्हा हेच जगण्याचे साधन मानायला लावले जाते, तिला संस्कृती म्हणायचे तरी का? बोट आरोपीकडे होते, ते बाबासाहेबांनी व्यवस्थेकडे वळवले. आम्हाला वाटते, भारतीय गुन्हेगारीशास्त्राचे पहिले पान इथून सुरू व्हायला हवे.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तातही हाच विचार आहे. राज्यात लुटारू माजले आहेत, राजा फाशी आणि हद्दपारीचा विचार करतो आहे. त्याला सल्ला मिळतो की अशाने लुटारू संपणार नाहीत, मागे राहिलेले पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला वेतन द्या. माणसे आपापल्या कामात गुंततील आणि लोक दारे उघडी ठेवून राहतील. गुन्ह्याचे मूळ वंचनेत आहे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले आहे.

आणि अंगुलिमाल? पाली अट्ठकथेतील गोष्ट फार बोलकी आहे. मूल जन्मले तेव्हा ज्योतिष सांगितले गेले की हा चोर होणार. बापाने नाव ठेवले अहिंसक. मुलगा तक्षशिलेला शिकायला गेला, हुशार निघाला. सोबत्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने हजार बोटांची गुरुदक्षिणा मागितली. जन्माचे भाकीत, सहाध्याय्यांचा द्वेष, गुरूची आज्ञा, या तिन्हींनी मिळून अहिंसकाचा अंगुलिमाल केला. बुद्धाने त्याला भिक्खू म्हणून स्वीकारले. राजा पसेनदी फौज घेऊन शोधत होता, त्याला तो विहारात शांत बसलेला दिसला. नंतर भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले, तेही ग्रंथात आहे. म्हणजे माणूस बदलला तरी शिक्का लवकर पुसला जात नाही, हे बुद्धाच्या संघाला ठाऊक होते. तरी संघाने त्याला सोडले नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अंगुलिमालाला स्थान दिले ते उगाच नाही. माणूस बदलू शकतो, हा धम्माचा पाया आहे. जन्मजात गुन्हेगार ही कल्पना या पायाच्या विरुद्ध आहे.

कायदा गेला, नजर राहिली

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. भारतात कुठेही मुक्तपणे फिरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला मिळाला. तरी गुन्हेगार जमाती कायदा देशपातळीवर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणूनच ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा आहे. कागदावर जमातीऐवजी व्यक्ती आली, पण रजिस्टरात नावे त्याच वस्त्यांची चढत राहिली. मार्च २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीने हे कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या महाराष्ट्रातल्याच दोन कार्यकर्त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमले गेले, त्यांचे अहवाल आले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधील जातिभेद असंवैधानिक ठरवला. कैद्याला जातीवरून काम देणे बंद करा, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ देऊ नका, असे न्यायालयाने बजावले. या निकालात १८७१ च्या कायद्याचा इतिहासही तपासलेला आहे. हा निकाल मराठीत, सोप्या शब्दांत प्रत्येक वस्तीवर पोहोचला पाहिजे.

आपले काम

मित्रांनो, आंबेडकरी तरुणांनी हा प्रश्न 'त्यांचा' म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. बाबासाहेबांनी ज्या तीन समूहांना एकत्र पाहिले, त्यांना आपण वेगळे पाहिले तर आपणही व्यवस्थेच्याच नजरेने पाहतो आहोत, असा त्याचा अर्थ होईल. आपल्या विहारात शिकवणीचा वर्ग चालत असेल तर शेजारच्या पालावरचे मूल त्यात आहे का, हे पाहा. त्याच्याकडे जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार आहे का, ते विचारा. वस्तीवर रात्री झडती झाली तर सकाळी ठाण्यात जाऊन अटकेचे कारण विचारा. अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, हे त्याच्या घरच्यांना सांगा. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला तो हक्क आहे. वर्तमानपत्राने आरोपीची जमात छापली तर संपादकाला पत्र लिहा, एकाने नाही, पन्नास जणांनी. आणि आपल्यासमोर कोणी "त्यांच्या रक्तातच आहे" म्हणाला, तर गप्प बसू नका.

मानसशास्त्र शिकणाऱ्या, समाजकार्याची पदवी घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे आणखी एक सांगणे आहे. आरोपीच्या मनावर प्रबंध खूप झाले. आता हजेरीबुकावर प्रबंध लिहा. पालावरच्या मुलाला पोलिसाची गाडी पाहून काय वाटते, हे लिहा. झडतीला जाणारा शिपाई आधी कोणत्या वस्तीकडे वळतो आणि का, हे लिहा. ज्या दिवशी हा अभ्यास उभा राहील, त्या दिवशी गुन्हेगारीचे मानसशास्त्र या देशात खऱ्या अर्थाने सुरू होईल.

जय भीम!